म्हातारीचं घर फाटकाजवळ

शाळेने नातीला घर करायला सांगितलं. पुठ्ठ्याचं. आपल्याकडचं साधं घर नव्हे, इंग्लंडमधल्या खेड्यातलं जमीनदाराचं जुनं, मोठं घर. तिच्या शिक्षिकाबाई तिकडच्याच. त्यांनी प्रत्येक मुलाला एकेक घर वाटून दिलं. ते कोणी बांधलं, नंतर कोणी काय जोडलं, आत कोण कुठे राहायचं हे शोधायचं, तसं घर बनवून शाळेत मांडायचं आणि चार लोकांपुढे त्याच्याबद्दल बोलायचं. काम नातीचं होतं. पण या घरात कुठलंही काम आलं की फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबतं. तसंच तेही आलं.

मी वसईची. चौथीपर्यंत शिकले, मग वाडीत राबले. केळी लावली, भाजी पिकवली, बाजारात बसून विकली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मूल एकच, मुलगी. ती दोह्यात नर्स आहे. जावई गॅसच्या कंपनीत ऑफिसचं काम करतो. कंपनीने दोह्यातल्याच अबू हमूर भागात व्हिला दिलाय, तिथे आम्ही राहतो.

नात जन्मली तेव्हा मी तीन महिन्यांसाठी आले होते. नात आता अकरा वर्षांची आहे. पहिल्यांदा मुलगी म्हणाली, पोरगी चालायला लागू दे, मग जा. पोरगी चालली. मग म्हणाली, शाळेत रुळू दे. रुळली. मग नातू झाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दर उन्हाळ्यात सगळे महिनाभर गावी जातो. मी माझं घर उघडते, जळमटं काढते, विहिरीवरची झाडं तोडते. घराला वारा लागतो न लागतो तोच परत कुलूप घालायची वेळ येते.

माझं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटी, मागे चूल. आम्ही नवरा-बायकोने बांधलं. विटा मी स्वतः वाहिल्या. त्यात बघण्यासारखं काही नाही.

या व्हिलात वर तीन बेडरूम आहेत. जिना मला झेपत नाही, गुडघे गेले. म्हणून मी मागच्या अंगणातल्या खोलीत झोपते. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की चार पावलांवर ती खोली. इथल्या प्रत्येक व्हिलात अशी खोली असते, मेडसाठी बांधलेली. आमच्याकडे मेड नाही, मी आहे. मला कोणी तिथे ढकललं नाही. मीच म्हटलं, खाली आहे, बरी आहे. खिडकीसमोर मोठ्या घराच्या एसीचे डबे बसवलेत, ते दिवसभर गरम वारा फेकतात, म्हणून खिडकी कधी उघडता येत नाही. बाकी काही तक्रार नाही.

घर करायचं ठरलं त्याच्या थोडे दिवस आधी मुलीने मला फोनवर चित्र दाखवलं होतं. वसईच्या ठेकेदाराने पाठवलेलं. माझं घर पाडून त्या जागी दोन मजली बंगला.

"आम्ही रिटायर झालो की येऊ ना तिकडे," ती म्हणाली. "बघ, तुझी रूम खाली ठेवलीय. अटॅच्ड बाथरूम. किचनला लागून."

"किचनला लागून का?"

"तुला बरं पडेल म्हणून."

तिने घराची किल्ली मागितली. ईस्टरनंतर जावई चार दिवसांसाठी गावी जाणार होता, तो ती ठेकेदाराला देणार होता. पावसाच्या आत जुनं पाडून पाया घालायचा. मी ट्रंकेतून किल्ली काढून तिच्या हातात दिली. का दिली असं नंतर मलाच वाटलं. थकले होते, दुसरं काय. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

तर ते इंग्लंडचं घर.

पुठ्ठा मी जमवला. दुकानातून केळ्यांचे खोके आणले, पाण्याच्या बाटल्यांचे खोके घरात होतेच. नातीला गरम गोंदाची बंदूक हवी होती. मी मैद्याची खळ शिजवली. तिने नाक मुरडलं, पण चिकटलं तेव्हा गप्प बसली. ती टॅबमध्ये बघून इंग्रजीत वाचायची आणि मी विचारलं की मोडक्या मराठीत सांगायची. तिला मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र इंग्रजीच येतं. जिथे अडायचं तिथे शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून मिस्सा करून आल्यावर जावई सांगायचा.

ते घर एकदम बांधलेलं नव्हतंच. सुरुवातीला नुसती एक मोठी खोली होती. मधोमध जमिनीवर शेकोटी, धूर जायला छपराला भोक. मालक, मालकीण, नोकर, कुत्रे, सगळे तिथेच जेवायचे आणि रात्री तिथेच आडवे व्हायचे. मग कोणीतरी भिंतीत धुराडं बांधलं. धूर गेला, तसा वरती मजला घालता आला. मजला झाल्याबरोबर मालक-मालकीण वर झोपायला गेले. नोकर खाली राहिले.

"माणसाला जरा सोय झाली की तो आधी वर जातो," मी म्हटलं.

"आजी, दॅट्स नॉट इन द प्रोजेक्ट," नात म्हणाली.

पुढच्या पिढीने दोन्ही बाजूंना हातांसारखे दोन भाग काढले. वरती एक लांबच्या लांब दालन केलं. बाहेर पाऊस असला की घरच्या बायकांनी तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या. इथे उन्हाळ्यात आम्ही मॉलमध्ये मारतो तशा. फक्त त्यांच्याकडे दुकानं नव्हती, भिंतीवर मेलेल्या नातेवाइकांची चित्रं होती.

त्याच काळात त्यांच्या राणीने आमच्या कॅथलिक लोकांच्या मिस्सेवर बंदी घातली होती. हे घरवाले कॅथलिक. त्यांनी जिन्याखाली एक चोरखोली केली होती, पाद्री लपवायला. शिपाई आले की पाद्रीबाबाने त्यात गुपचूप बसायचं, कधी कधी दिवसच्या दिवस. मी जावयाला म्हटलं, आपले फादर बसले असते तर पहिल्या तासाला खोकल्यावरून सापडले असते. जावई हसला. मुलगी म्हणाली, "आई, पोरांसमोर फादरांबद्दल असं बोलू नकोस." फादरांना खोकला आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

मग फॅशन बदलली. नव्या मालकाला लाल विटांची लाज वाटायला लागली. त्याने पुढून दगडाचं नवं तोंड लावलं. मधे खांब, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या. मागून जुनं होतं तसंच, वेडंवाकडं. मग सरकारने खिडक्यांवर कर बसवला, तेव्हा काही खिडक्या विटांनी बुजवल्या. बुजवलेल्या खिडकीवर काळा रंग देऊन खोट्या काचा रंगवल्या, म्हणजे पुढून दोन्ही बाजू सारख्याच दिसाव्यात. ते ऐकून मला फार काही आश्चर्य वाटलं नाही. इथे खिडक्या खऱ्या असतात, पण उघडत कोणीच नाही. बाहेरून चकचकीत दगड आणि मागे टाक्या आणि पाइप.

शेवटी शेवटी नोकर खूप झाले, तेव्हा मागे त्यांच्यासाठी वेगळा भाग बांधला. त्यांचा जिना वेगळा, दार वेगळं. त्या दाराला हिरवं जाड कापड ठोकलेलं, इकडचा आवाज आणि वास तिकडे जाऊ नये म्हणून. स्वयंपाकघर जेवणाच्या खोलीपासून इतकं लांब की ताट पोचेपर्यंत गार.

"एवढा पैसा आणि गार जेवायचे?"

"बट नो स्मेल, आजी."

"मूर्ख होते."

नोकरांच्या बाजूला भिंतीवर घंटांची रांग. प्रत्येक खोलीतून एक तार. मालकिणीने वर तार ओढली की खाली घंटा वाजायची, कुठल्या खोलीत जायचं ते कळायचं. नातीने दोऱ्याला मणी बांधून घंटा केल्या. हौसेने केल्या, छान झाल्या.

एका दुपारी ती टॅब घेऊन माझ्या खोलीत आली. मी पाय वर करून पडले होते.

"आजी, देअर इज वन मोर हाउस. छोटं."

"कुणाचं?"

"ओल्ड लेडीचं. मालक मेला ना, मग त्याचा मुलगा आणि वाइफ बिग हाउसमध्ये येणार. मग ओल्ड लेडी गोज टू द स्मॉल हाउस."

"म्हणजे हाकलून दिली."

"नो! तिचंच हाउस. रूल होता तसा."

मी उठून बसले. "त्यात काय काय होतं?"

तिने वाचलं. चार खोल्या. पुढे बाग. स्वतःचं फाटक.

"चूल?"

"ओन किचन."

"वेगळी?"

"येस आजी, सेपरेट."

"आणि मोठ्या घरातली पोरं कोण सांभाळायचं?"

तिने टॅबवर बोट सरकवलं. "नॅनी होती. आणि नर्सरी मेड."

"म्हातारी नाही?"

"शी केम फॉर टी," नात म्हणाली. "संडेला."

ती गेली, पण ते छोटं घर माझ्या डोक्यातून जाईना. नवरा मेला की बाईला मुलाच्या घरी एक कोपरा द्यायचा, ही आपल्याकडची रीत. चांगला मुलगा असला तर चांगला कोपरा. त्या लोकांनी चोरखोल्या केल्या, खिडक्या बुजवल्या, गार जेवले, एकूण डोकं कमीच. पण ही एक गोष्ट त्यांनी बरोबर केली होती. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घर. ज्याला भेटायचं त्याने फाटक उघडून यावं. म्हातारीला नको असेल तर तिने आतून कडी घालावी.

माझ्याकडे तसं घर होतं. त्याची किल्ली मी देऊन बसले होते.

ते छोटं घर नातीने एकटीने केलं. मला त्या दिवसांत मलेरियासारखा ताप आला, मलेरिया नव्हता, पण अंग मोडून पडलं होतं. उठले तेव्हा सगळ्यावर चादर टाकलेली. उघडू नकोस, खळ ओली आहे, म्हणाली.

शाळेत न्यायच्या दिवशी ते डिकीत मावेना. मागच्या सीटवर कोणीतरी मांडीवर धरून बसायला हवं होतं. जावई ऑफिसात. म्हणून मी गेले. नाहीतर मला त्या शाळेत कोण नेतं. मुलगी रात्रपाळी करून आली होती, तशीच गाडी चालवत होती. चादरीखालून माझ्या बोटांना नुसती छपराची कड लागत होती.

हॉलमध्ये टेबलं मांडलेली. प्रत्येकावर एक घर. बऱ्याच घरांना बघूनच कळत होतं की वडिलांनी केलंय. नातीने चादर काढली आणि मी पहिल्यांदा पूर्ण घर पाहिलं. पुढे पांढरं तोंड, खांब, काळ्या रंगाच्या खोट्या खिडक्या. मागे नोकरांचा भाग, मण्यांच्या घंटा. आणि त्याच्याही मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून, एक छोटी चौकोनी खोली. छपरावर बाटलीच्या झाकणाची पाण्याची टाकी. खिडकीसमोर काड्यापेटी उभी चिकटवलेली. बाजूला कपडे वाळत घालायची दोरी, तिच्यावर जांभळ्या कागदाचा एक गाऊन.

माझा गाऊन जांभळा आहे.

बाई आल्या. उंच, उन्हाने मान लाल झालेली, तोंडावर हसू. आईबापांचा घोळका त्यांच्या मागे. नात छान बोलली, अडखळली नाही. धूर, धुराडं, चोरखोली, कर. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी काड्यापेटीकडे बोट केलं.

"अँड व्हॉट इज धिस?"

"एसी," नात म्हणाली.

सगळे हसले. बाईसुद्धा. मुलगीही हसली. मग बाईंनी विचारलं, हे छोटं घर कुणाचं? नात म्हणाली, म्हातारीचं, मालकाच्या आईचं. बाईंनी जरा वाकून पाहिलं. म्हणाल्या, फार सुंदर केलंस, पण तिचं घर तर लांब असायचं ना? फाटकाजवळ, स्वतःच्या बागेत? हे तू किचनला का लावलंस? एवढं इंग्रजी मला समजतं. अकरा वर्षं पोरांची कार्टून ऐकलीत.

नातीने विचारसुद्धा केला नाही. "बिकॉज मम हॅज नाइट ड्यूटी. सो शी कॅन कॉल हर."

आणि तिने दोरा ओढला. मोठ्या घरातून त्या खोलीपर्यंत तिने दोऱ्याची एक तार बांधली होती. मणी हलला.

कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, आय सी. मग पुढच्या टेबलाकडे गेल्या. मुलीचा चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

गाडीत बसल्याबरोबर ती म्हणाली, "हे तू शिकवलंस तिला."

"मी ते घर आत्ता पाहिलं."

"मग हिला कुठून सुचलं?"

"नोबडी टोल्ड मी," मागून नात म्हणाली. "आजी स्लीप्स देअर. एव्हरीबडीज हाउस हॅज दॅट रूम अॅट द बॅक."

"ती मेडची रूम असते!" मुलगी ओरडली.

"आय नो," नात म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला तरी मुलगी हलली नाही. मागच्याने हॉर्न दाबून धरला, तेव्हा गाडी निघाली.

घरी आल्यावर मी सुरमई साफ करायला घेतली. मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली.

"किल्ली दे," मी म्हटलं.

"कसली?"

"माझ्या घराची. तुझ्या पर्समध्ये आहे."

"आई, मी रात्रभर उभी आहे. आता नको."

"आताच. घर पाडायचं नाही. मी मेल्यावर पाडा, चार मजले चढवा, वर हेलिकॉप्टर उतरवा. तोवर मी तिथे राहणार."

"एकटी?"

"एकटी."

"गुडघे बघ स्वतःचे."

"माझ्या घराला जिना नाही."

"पडलीस तर कोण बघणार?"

"इथे कोण बघतं? तू ड्यूटीवर, तो ऑफिसात, पोरं शाळेत. तिथे निदान शेजारीण ओट्यावर बसलेली असते. दिवसभर तेच काम तिला."

तिने ग्लास ठेवला. "आणि माझं काय? रात्रपाळीला मी कुणाच्या भरवशावर जाऊ? नातू चार वर्षांचा आहे."

"हे तू पहिल्यांदा खरं बोललीस."

"तसं नाही."

"तसंच आहे. मला राग नाही. पण मग असं म्हण ना. माझे गुडघे, माझी काळजी, माझी अटॅच्ड बाथरूम कशाला मधे आणतेस? बाई ठेव. त्या मोठ्या घरवाल्यांनी ठेवली होती."

"तू बाई आहेस का?"

"मला काय विचारतेस? जिने तार बांधली तिला विचार."

हे मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. मी बोलले. मुलगी नळाखाली हात धूत राहिली. नर्स आहे, हात धुवायची सवय आहे, पण एवढा वेळ कोणी धूत नाही. पाठ माझ्याकडे. मग म्हणाली, "लोक म्हणतील आईला वापरून घेतली आणि परत पाठवली."

"लोकांना सांग, म्हातारी हट्टी आहे. ते खोटं नाही."

ती वर झोपायला गेली. किल्ली दिली नाही.

संध्याकाळी जावई आला. तिने त्याला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. त्याने जेवताना सुरमईचा दुसरा तुकडा घेतला, काटे बाजूला काढले आणि म्हणाला, "मम्मी, त्या ठेकेदाराच्या मागे मी दोन महिने यल्ला यल्ला, लवकर आटप, करत होतो. आता त्याला खलास, काम बंद, सांगायचं म्हणजे तो मला शिव्या घालणार."

"तू चार दिवसांत परत येशील. मला घालेल. मी ऐकून घेईन."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याने मुलीकडे पाहिलं. ती नातवाला भरवत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्याबरोबरच आईचंही तिकीट काढा. एकटी विमानात चढायची नाही." जरा थांबून म्हणाली, "परतीचं नको."

सकाळी चहाला उठले तेव्हा किल्ली गॅसच्या बाजूला, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेली होती.

पुठ्ठ्याचं घर शाळेतून परत आलंय. ते आता हॉलच्या कोपऱ्यात आहे, कोणाला फेकवत नाही. नातीने त्या छोट्या खोलीवरची टाकी आणि काड्यापेटी काढली, खोली सुरीने उचकटली आणि पुढे फाटकाजवळ नेऊन लावली. माझी खळ घट्ट बसली होती, त्यामुळे निघताना मोठ्या घराच्या भिंतीचा पापुद्रा निघाला. स्वयंपाकघराच्या मागे केळ्यांच्या खोक्यावरची अक्षरं दिसतात. गाऊन तिने तसाच ठेवलाय. तार तोडायला विसरली, की तोडली नाही, कोण जाणे. ती अंगणभर पसरून फाटकापर्यंत जाते. मीही ती तोडली नाही. मला सांगून गेली, समर हॉलिडेत ती एकटी माझ्याकडे राहायला येणार. मी म्हटलं, ये. भांडी घासावी लागतील.

ईस्टर जवळ आलाय. ट्रंक भरायला घेतलीय. फार सामान नाही. अकरा वर्षांत मी इथे काही जमवलं नाही, तेवढं बरं केलं. आनंद वगैरे झालाय असं नाही. झोप येते. खूप झोप येते, आणि ती तिथे जाऊन काढायची आहे, एवढंच डोक्यात आहे.

मुलीने एजन्सीमार्फत एक बाई बघितली आहे. ती पुढच्या महिन्यात येईल आणि मागच्या खोलीत राहील. मी जावयाला सांगितलं, तिच्या खिडकीसमोरचे एसीचे डबे आधी हलव, माणसाला खिडकी उघडता आली पाहिजे. तो म्हणाला, इन्शाल्ला. त्याच्या इन्शाल्लावर या घरात बरीच कामं राहिलेली आहेत. म्हणून मीच त्याला समोर बसवून एसीवाल्याला फोन करायला लावलाय. एसीवाला गुरुवारी येतो म्हणालाय. मी जायच्या आत ते करून घेणार आहे.